पाच सेकंदांचा म्हातारा

लिफ्ट तिसऱ्या मजल्यावरून सुटली आणि शेजारी उभ्या असलेल्या पार्सलवाल्याच्या फोनवर तिचे वडील खुर्चीतून उठायला लागले. वडील म्हणजे अर्थात वडील नव्हेत. चित्रातला म्हातारा. नुकत्याच संपलेल्या मारधाडीच्या अ‍ॅनिमे मालिकेतला, किल्ल्याच्या दारावर बसणारा पहारेकरी, ज्याच्या वाट्याला सगळ्या सीझनमध्ये मिळून दोन वाक्यं आली होती. सातव्या भागात शत्रू दाराशी येतो तेव्हा हा खुर्चीतून उठतो, एवढंच त्याचं काम. पण ते उठणं तिने काढलं होतं, आणि ज्यांना बघून काढलं होतं ते आत्ता घरी खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेले असणार. फोनवरचा म्हातारा पुढे सरकायचा, जोर करायचा, मागे आपटायचा, पुन्हा जोर करायचा आणि उठायचा. आणि उभा राहिला न राहिला तोच परत खुर्चीत. कुणा हौशी माणसाने शेवट सुरुवातीला जोडून दिला होता, वर सर्कशीतलं असावं तसं संगीत घातलं होतं, आपटला की झांज वाजत होती. पार्सलवाला हसत होता. त्यात वाईटपणा काही नव्हता. माणूस सकाळी लिफ्टमध्ये हसतो तसा हसत होता. तिच्याकडे बघून म्हणाला, ‘‘बघितलं का तुम्ही? भारी आहे म्हातारा. सगळे टाकतायत.’’ ती म्हणाली, ‘‘हो का?’’ आणि मजल्यांच्या आकड्यांकडे बघत राहिली. ही लिफ्ट मुळात आळशी. तिच्या मजल्याला पोचेपर्यंत म्हातारा किती वेळा आपटला कोण जाणे. तिने डोळे वर ठेवले तरी झांज ऐकू येतच होती, आणि झांज ऐकली की पुढे काय होतं ते तिला न बघता दिसत होतं, कारण त्यातली एकूणएक रेघ तिच्याच हातची होती.

जागेवर बसून तिने पडदा सुरू केला, पेन हातात घेतलं आणि नुसतंच धरून ठेवलं. तिचं काम मधलं. पात्र कुठून निघतं आणि कुठे पोचतं ती चित्रं वरचे लोक काढतात. निघाल्यापासून पोचेपर्यंतची सगळी चित्रं तिच्यासारख्यांनी काढायची. दोन टोकं त्यांची, दोरी तेवढी आपली, असं शेजारचा टोपी म्हणायचा. टोपीला टोपी म्हणायचे कारण त्याला टक्कल होतं आणि ते सगळ्यांना माहीत असूनही तो टोपी काढत नसे. त्या पहारेकऱ्याची दोन टोकं तिच्याकडे आली तेव्हा एकात तो बसलेला होता, दुसऱ्यात उभा, आणि निरोप असा होता की झटकन उठव, पुढे मारामारी आहे, चार चित्रांत संपव. चार चित्रांत तरणाताठा माणूस उठतो. तिने चार काढली, बघितली, आणि म्हातारा स्प्रिंग लावल्यासारखा टुणकन उभा राहिला. पुन्हा काढली. पुन्हा टुणकन. या मालिकेत सगळेच तसे उठायचे. नायकाला डोंगरावरून खाली टाका, छातीत तलवार खुपसा, तो केस सारखे करून उठणार आणि वर भाषण देणार. ते तिने वर्षभर मुकाट्याने काढलं होतं. पण म्हाताऱ्याचं ते उठणं तिला सहन होईना, कारण रोज सकाळी कामावर यायच्या आधी ती एका माणसाला उठवून येत होती आणि उठणं म्हणजे काय असतं हे तिच्या खांद्याला ठाऊक होतं.

वडील शाळेत खेळाचे सर होते. ताठ कणा हा त्यांचा देव. जेवताना जरा पोक काढून बसलं की पाठीत बोट खुपसायचे; तिच्या दादाने परगावी नोकरी धरली त्यामागे हे बोट बरंच असावं असा तिला संशय होता. मग एके दिवशी आंघोळ करून येताना दारातच त्यांची उजवी बाजू गेली. जीभ वाचली, डोकं वाचलं, डावं अंग वाचलं. उजवा हात तेवढा मांडीवर कुणीतरी विसरून गेल्यासारखा पडून राहिला. आईला जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, म्हणून ती आपलं सामान घेऊन त्यांच्याकडे राहायला आली, दिवसाच्या देखरेखीला पगारावर एक काकू ठेवल्या, आणि सकाळी काकू यायच्या आधी वडिलांना खुर्चीतून उठवून न्हाणीघरापर्यंत न्यायचं काम तिच्याकडे आलं. ती डाव्या बाजूला उभी राहायची, हात पुढे करायची, ते ‘हं’ म्हणायचे आणि उठायचे. दोघंही त्याबद्दल एक शब्द बोलत नसत. ज्यांनी शेकडो पोरांना सावधान-विश्राम शिकवलं त्यांना पोरीच्या हाताने उभं राहावं लागतं, यावर बोलण्यासारखं काय होतं?

पहारेकऱ्याचं उठणं जमत नव्हतं त्या दिवसांत एका सकाळी ती चहाचा कप घेऊन खोलीत आली तेव्हा त्यांनी आधीच सुरुवात केली होती. डावा हात खुर्चीच्या हातावर, अंग पुढे सरकलेलं. कप टेबलावर ठेवून पुढे व्हायला कितीसा वेळ लागतो? पण तिने कप ठेवला नाही. तिला त्यांची डावी बोटं दिसली, पायाची, मोज्यातून जमीन पकडू बघणारी. मग खांदा कानाकडे गेला. ओठ आत ओढले गेले. मान आधी निघाली, छाती मागाहून, आणि मध्येच कुठेतरी सगळ्याचा मेळ चुकला आणि ते धप्पकन मागे बसले. ती दारातच. त्यांनी तिच्याकडे बघितलं. पुन्हा लागले. आणि या खेपेला तिला ते दिसलं, ज्यासाठी ती स्वतःच्याही नकळत थांबली होती: मेलेला उजवा हात. त्याचा काही उपयोग नव्हता, त्याला ते माहीत असायला हवं होतं, पण बाकीचं सगळं अंग उठायला निघालं तशी त्याचीही दोन बोटं मांडीवर हलली. बाकीच्यांबरोबर आपणही जोर लावतोय अशी हलली. तिला धावत जाऊन हात द्यावासा वाटला आणि त्याच क्षणी डोक्यात आलं, हे, हेच हवं होतं. दोन्ही एकदमच. कुठलं आधी आणि कुठलं नंतर हे ती पुढे कितीही वेळा उगाळत बसली तरी तिला सांगता आलं नाही.

आणि वडील उठले. आजारानंतर पहिल्यांदा, कुणाच्या हाताशिवाय. खुर्चीचा हात धरून, थरथरत, पण उभे. त्यांचा चेहरा असा फुलला होता की तिने तो लहानपणी आंतरशालेय ढाल जिंकल्यावर पाहिला असेल तेवढाच. ‘‘बघितलंस?’’ ते म्हणाले. ‘‘तू हात दिला नाहीस म्हणून जमलं. मनात म्हटलं, पोरीची खात्री आहे तर आपण का कच खायची!’’ ती हसली. चहा निवला होता. त्या संध्याकाळी त्यांनी दादाला फोन लावून सगळं साग्रसंगीत सांगितलं, काकूंना सांगितलं, औषधं आणणाऱ्या पोऱ्यालाही सांगितलं, आणि दर वेळी शेवट एकच, की आमची कार्टी मुद्दाम लांब उभी राहिली, तिला माझी ताकद माझ्याहून जास्त माहीत. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. इथे तर ज्याची चोरी झाली तोच चोराला हार घालत होता. दुसऱ्या दिवशी तिने घाईघाईने हात पुढे केला तर त्यांनी तो झिडकारला. ‘‘हात नाही. आता मी उठणार. तू हो कामाला, मी उठतो मागाहून.’’ त्या दिवसापासून ती सकाळी त्यांना खुर्चीतच सोडून निघायची, पाठीमागे त्यांचं ते खणखणीत ‘जा जा’ ऐकत.

पहारेकऱ्याचं उठणं तिने चारऐवजी भरमसाट चित्रांत काढलं आणि वर पाठवून दिलं. ओरडा बसेल वाटलं होतं. बसला नाही. दिग्दर्शकाने ते बघितलं आणि तसंच ठेवलं. पण सीझनला चित्रं मोजून मिळतात. एकाच्या ताटात जास्त वाढलं की दुसऱ्याचं ताट रिकामं राहतं. नवव्या भागातल्या मोठ्या लढाईला चित्रं पुरली नाहीत. ती लढाई टोपीची. त्याला बिचाऱ्याला थिजलेल्या चित्रांवर रेघा मारून आणि पडदा गदागदा हलवून वेळ मारून न्यावी लागली, आणि आता सीझनवर लिहिणारा प्रत्येक जण लिहीत होता की सातव्या भागातली पाच सेकंदं हे या सीझनचं सगळ्यात मोठं बळ आणि नववा भाग ही सगळ्यात मोठी लाज. टोपी ते मोठ्याने वाचून दाखवायचा. ‘‘तुमचा म्हातारा उठला आणि आम्ही बसलो,’’ म्हणायचा, आणि हसायचा. तो काही जाणत नव्हता असं नाही. पण गडी दिलदार होता, आणि त्याच्या दिलदारपणाखाली बसून काम करणं हा एक वेगळाच जाच होता.

जेवणाआधी दिग्दर्शकाने सगळ्यांना आत बोलावलं. वयाने तिच्याहून लहान, दाढी ठेवलेला, बोलताना खुर्चीत गोल फिरणारा माणूस. पुढचा सीझन मिळाला होता, म्हणून मागच्याचं शवविच्छेदन. तो स्वतःला सोडत नव्हता हे खरं. म्हणाला, किल्ला चांगला, बर्फ चांगलं, संगीत चांगलं, पहिले चार भाग धावतात. मग आपण बडबडायला लागतो. तलवार गळ्याशी आहे आणि माणसं बालपणीच्या आठवणी सांगतायत. खलनायकाला आई नव्हती हे आपण तीन वेळा सांगितलं, प्रेक्षकाला पहिल्यांदाच कळलं होतं. आणि कुणालाच काही लागत नाही. मार खातात, रक्त सांडतं, पण लागत नाही. वजन नाही. ‘‘वजन फक्त एका माणसाला आहे,’’ असं म्हणून त्याने भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर म्हातारा लावला. सगळे बघत होते. तीही बघत होती, कारण न बघणं दिसलं असतं. पडद्यावर तो भिंतीएवढा होता. मांडीवरची ती दोन बोटं तिच्या हाताएवढी. कुणीतरी ‘आई गं’ म्हणालं. दिग्दर्शकाने गिरकी घेऊन तिच्याकडे तोंड केलं. ‘‘नव्या सीझनच्या पहिल्याच भागात हा मरतो. दारातच. पूर्ण एक मिनिट देतो तुम्हाला, मधली चित्रंही तुमची आणि टोकाचीही तुमचीच. असं मरण हवं की बघणाऱ्याचा घास हातात राहिला पाहिजे. हे जिथून आणलंत ना, तिथूनच आणा.’’ मग सहज विचारल्यासारखं, ‘‘घरी कुणी म्हातारं माणूस आहे का तुमच्या?’’

‘‘नाही,’’ ती म्हणाली.

हे तिने का म्हटलं? बाहेर येऊन तिने तोंडावर पाणी मारलं आणि आरशात बघायचं टाळलं. जित्याजागत्या माणसाला तिने एका शब्दात नाही करून टाकलं होतं, आणि शब्द तोंडातून सुटताना बरंही वाटलं होतं, हा खरा कहर. टोकाची चित्रं मिळणं म्हणजे बढती. लोक त्यासाठी वर्षानुवर्षं पाठ मोडून घेतात. नाही म्हटलं तर मधल्या चित्रांतच जन्म जाणार. नोकरीच सोडली तर काकू राहणार नाहीत, आणि काकू नसल्या तर घरी बसायचं तिने, दिवसभर, त्यांच्यासमोर, हे डोळे घेऊन. त्याचीच तर तिला भीती होती. त्या सकाळपासून तिला वडील सलग दिसेनासे झाले होते. ते घास गिळायचे तर गळ्याची घाटी कुठून निघाली आणि कुठे पोचली ते दिसायचं. खोकायचे तर खोकला दिसायचा. झोपेत तोंड उघडं पडलेलं असायचं, आणि ती पांघरूण घालायला म्हणून जायची ती हातात पांघरूण धरून उभीच राहायची. परवा त्यांना ठसका लागला होता. पाणी दिलं तिने, लगेच दिलं. पण लगेच म्हणजे खरंच लगेच, की एक जरासं थांबून? कामाच्या जागेवरून पळून घरी जावं तर घरात काम बसलेलं होतं, घरातून पळावं तर कामावर वडील भिंतीएवढे. दुपारभर तिने कोऱ्या पडद्यावर एक खुर्ची काढली. नुसती खुर्ची. तीही ओळखीची निघाली तेव्हा डोकं दुखतंय सांगून ती उन्हं असतानाच निघाली.

घरात शिरली तर दोघांची डोकी एकाच फोनवर. काकूंनी फोन उशीला टेकवून टेबलावर उभा केला होता, आणि पडद्यावर बर्फात दोन माणसं तलवारी रोखून भाषणं करत होती. तिने घरात मालिकेचं नाव कधी काढलं नव्हतं. काय काढतेस विचारलं की जाहिराती म्हणायची. ‘‘या ताई,’’ काकू म्हणाल्या, ‘‘आज शेवटचा भाग. पंधरा दिवस झाले, रोज बघतो आम्ही. माझ्या भाचीने लावून दिली. म्हणाली, यात एक म्हातारा आहे, तुमच्या सरांसारखा.’’ वडिलांनी मान वर केली नाही. शेवटची तलवार कोसळेपर्यंत त्यांनी बघितलं, नावं वर सरकू लागली ती बघितली, त्यांत तिचंही होतं, मग डाव्या हाताने फोन पालथा केला. आणि शाळेच्या मैदानावर सामना संपल्यावर बोलायचे त्या आवाजात म्हणाले, ‘‘सुरुवात चांगली. दम आहे. पाचव्यापासून पोरं थकली, काढणारी. सहावा बरा. आठव्यात नुसत्या गप्पा. नववा फुकट, त्यात कुणी हलतच नाही. तो नायक तर अगदीच बावळट. पडतो कसा तेच त्याला येत नाही, मग उठणार काय कपाळ!’’ सातव्याचं नाव त्यांनी घेतलं नाही. काकू चपला घालता घालता हसून म्हणाल्या, ‘‘आणि सर, तो म्हातारा राहिला की! ताई, अगदी आपल्या सरांसारखं हो, ते बोटं हलवणंसुद्धा. मला तर बाई रडूच आलं.’’ आणि त्या गेल्या. दार लागलं.

खोलीत ऊन तिरपं आलं होतं. ती पिशवीही खाली न ठेवता उभी होती. वडील मांडीवरच्या उजव्या हाताकडे बघत होते, जणू तो त्यांनी बोलावून आणलेला साक्षीदार होता. ‘‘म्हणजे त्या दिवशी तू लांब उभी राहिलीस,’’ ते म्हणाले, ‘‘ते तुला माझी खात्री होती म्हणून नव्हे.’’

‘‘बाबा...’’

‘‘बघत होतीस.’’

‘‘हो.’’

तिला वाटलं होतं, ते ओरडतील. ओरडले असते तर फार बरं झालं असतं, ती रडली असती, पाया पडली असती, काहीतरी होऊन गेलं असतं. ते नुसते मान हलवत राहिले, हिशेब आता कुठे लागल्यासारखे. ‘‘चांगलं काढलंस पण,’’ ते म्हणाले. ‘‘जरा जास्त वाकवलंस मला. मी एवढा वाकत नाही.’’ मग थोड्या वेळाने, ‘‘पुढे मरतोय म्हणे तो. काकूंची भाची सांगत होती, लोक पैजा लावतायत. ते कोण काढणार?’’

‘‘मलाच दिलंय. मी नाही म्हणून सांगते, बाबा. उद्याच सांगते.’’

‘‘कशाला? काढ की. मला फक्त घाई करायला सांगू नकोस, मला ते अजून येत नाही.’’ ते स्वतःच्या विनोदावर हसले, एका बाजूने, त्यांना हसता यायचं तेवढं. तीही हसली आणि हसता हसता तिला हुंदका आला. त्यांनी तो ऐकून न ऐकल्यासारखं केलं. खुर्चीत जरा सावरून बसले. ‘‘मग आता मीही सांगून टाकतो,’’ ते म्हणाले, आणि आवाज एकदम साधा झाला, मैदान वगैरे सगळं त्यातून निघून गेलं. ‘‘मला उठता येत नाही. त्या दिवसानंतर दोन-चारदा आलं असेल. मग नाही. काकू उचलतात. त्या येईपर्यंत बसून राहतो. तुला जा जा म्हणायचो, कारण तुला वाटत होतं ना मला येतं म्हणून. म्हटलं, पोरीची खात्री कशाला मोडा.’’

कितीतरी दिवस रोज सकाळी ते त्या खुर्चीत बसून राहिले होते, न्हाणीघराकडे बघत, अडलेले, आणि ती लिफ्टमध्ये उभी राहून स्वतःला गुन्हेगार समजण्याची चैन करत होती. तिने दिलेलीच नव्हती ती खात्री त्यांनी जिवापाड सांभाळली होती.

‘‘आता खात्रीच नव्हती म्हटल्यावर मोकळं झालं,’’ वडील म्हणाले. त्यांनी डावा हात खुर्चीच्या हातावर ठेवला, मग उचलला, आणि तिच्या दिशेने पुढे केला. आजारपणात, त्याआधी, कधीच त्यांनी तो असा पुढे केलेला तिला आठवत नव्हता. ‘‘हात दे गं,’’ ते म्हणाले. ‘‘मघापासून अडलोय.’’

पिशवी टाकून ती धावली. या खेपेला ती थांबली नाही, निमिषभरही नाही. तिने त्यांचा हात धरला, दुसरा हात काखेखाली घातला, आणि त्यांचं सगळं वजन तिच्या खांद्यावर आलं. ते वर येत होते. चेहरा तिच्या चेहऱ्याच्या अगदी जवळ आला होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलेल्या माणसाचा चेहरा कसा होतो ते तिला दिसायला लागलं. आधी डोळे खाली गेले, मग हनुवटी, मग ओठांचा चांगला कोपरा. तिने डोळे घट्ट मिटून घेतले आणि तशीच त्यांना उचलत राहिली. मिटलेल्या डोळ्यांत तो चेहरा पुन्हा पहिल्यापासून, एकेक करून, उतरत होता.